माणूस हरवला तर पोलीस स्टेशनला काय सांगायचं, काय मागायचं

पहिली गोष्ट म्हणजे २४ तास थांबावं लागतं हे डोक्यातून काढून टाका, असा कुठलाही नियम नाही. आमचे काका घरातून निघून गेले तेव्हा आम्ही रात्रभर स्वतःच शोधत बसलो आणि सकाळी स्टेशनला गेलो, त्यात जो वेळ गेला तो आजही मनाला लागतो.

तिथे गेलं की सगळं वयावर ठरतं. १८ च्या वरचा माणूस असेल तर 'मिसिंग' दाखल होते, म्हणजे मिसिंग रजिस्टरला नोंद, हा गुन्हा नसतो, कारण सज्ञान माणूस स्वतःच्या मर्जीने जाऊ शकतो. १८ च्या आतलं मूल असेल तर मात्र थेट एफआयआर, अपहरणाचा, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ खाली. सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्येच सांगितलंय की हरवलेल्या मुलाची तक्रार आली की अपहरण किंवा तस्करी धरूनच तपास सुरू करायचा. "पळून गेली असेल, येईल दोन दिवसांत" असं कुणी म्हणालं तर शांतपणे पण ठामपणे एफआयआर मागा, तिची कॉपी फुकट मिळते. हद्द आमची नाही म्हणाले तर झिरो एफआयआर करा म्हणायचं, म्हणजे हद्द कुठलीही असो, आधी नोंदवून घ्यायची आणि मग त्या ठाण्याला पाठवायची. तरीही नाहीच घेतली तर एसपी किंवा पोलीस कमिशनरांच्या ऑफिसला लेखी द्या आणि पोच घ्या.

सज्ञान माणसाच्या बाबतीत संशय असेल, म्हणजे धमकी, पैशाचा वाद, सासरचा त्रास, तर तो जबाबातच लिहून घ्यायला सांगा. लाजेपोटी लपवू नका, कारण नुसती मिसिंग राहणार की गुन्हा दाखल होणार हे त्यावरच ठरतं. आजार, गोळ्या, डिमेन्शिया, आधी कधी निघून गेले होते का, तेही सांगा.

सोबत अलीकडचा फोटो न्या (आमच्याकडे होता तो पंधरा वर्षांपूर्वीचा, लग्नातला!), अंगावरचे कपडे, चप्पल, जुन्या जखमेची खूण, बोलायची भाषा, मोबाईल नंबर, शेवटचा फोन कुणाला केला. नंबरवरून पोलीस सीडीआर, म्हणजे कुणाकुणाला फोन झाले त्याची यादी, आणि टॉवर लोकेशन काढतात. फोटो आणि वर्णन इतर ठाण्यांना जातं, आणि बेवारस मृतदेहांशीही ताडून बघतात, तो फोन आला तर हात थरथरतात पण जावं लागतं.

निघताना मिसिंग नंबर आणि तपास करणाऱ्या हवालदारांचं नाव, मोबाईल लिहून घ्या, आणि दर दोन दिवसांनी फोन करा, त्यांच्याकडे बाकीची कामंही असतात म्हणून मागे लागावंच लागतं. तोवर घरच्यांनी सरकारी हॉस्पिटल, एसटी स्टँड, रेल्वे पोलीस इथे स्वतः जायचं. काका आम्हाला शेजारच्या जिल्ह्यातल्या स्टँडवरच सापडले. लहान मुलासाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे, बाकी कधीही पोलिसांसाठी ११२.

माणूस सापडला की स्टेशनला नेऊन जबाब द्यायचा, मग मिसिंग बंद होते. सज्ञान व्यक्ती "मला घरी जायचं नाही" म्हणाली तर पोलीस जबरदस्तीने पाठवू शकत नाहीत, सुखरूप आहे एवढंच आपल्याला कळतं.