रेल्वेच्या कामातून कॅन्सर झाला असेल तर भरपाईचा दावा कसा लावायचा

घरातल्या रेल्वेवाल्या माणसाला कॅन्सर निघाला असेल आणि त्याची नोकरी वर्कशॉपात, लोको शेडमध्ये, गाड्या खालून तपासायच्या पिट लाइनवर किंवा रूळ दुरुस्तीच्या गँगमध्ये गेली असेल, तर वकील शोधण्याआधी एक मोठी वही आणा. त्या माणसाला बोलता येतंय तोवर त्याच्याकडून कामाचा इतिहास लिहून घ्या. मी रेल्वेत वेलफेअर इन्स्पेक्टर होते. सेटलमेंटचे, फॅमिली पेन्शनचे, अनुकंपेचे कागद घेऊन नागपुरात अजनीच्या क्वार्टरांपासून इतवारी-कामठीपर्यंत घरोघरी फिरले. निवृत्तीनंतरही बायाबापड्या फाइल घेऊन येतात. बहुतेक ठिकाणी एकच अडचण दिसते. माणूस गेलेला असतो, आणि त्यानं नेमकं कशाला हात लावला होता हे घरात कोणालाच सांगता येत नाही.

‘फिटर ग्रेड वन’ एवढं लिहून काही होत नाही. कोणतं शेड, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, त्या काळात रोजचं काम काय, हे विचारा. वाफेच्या इंजिनाच्या बॉयलरवरचं जुनं लॅगिंग, म्हणजे उष्णता अडवणारं आवरण, हातानं उपटलं का? अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी कापली का? जुने ब्रेक ब्लॉक काढल्यावर खालची धूळ हवेच्या पाइपानं उडवली का, आणि तेव्हा दारं उघडी होती की बंद? हात कशानं धुवायचे, रॉकेलनं की डिझेलनं? गँगमधला माणूस असेल तर डांबरी तेलात बुडवलेले लाकडी स्लीपर खांद्यावर वाहिले का, तेल कातडीला लागायचं का? पेंट शॉपमध्ये थिनरचा वास किती वेळ नाकात जायचा? मास्क मिळाला असेल तर कसला, आणि तो कोणत्या वर्षी मिळाला, तेही लिहा. मोतीबागच्या वर्कशॉपातल्या किंवा अजनी शेडमधल्या जुन्या माणसाला हे विचारलं की आधी तो म्हणतो, ‘काही विशेष नाही, सगळेच करायचे.’ तिथं थांबू नका. सगळेच करायचे ते काय, तेच आपल्याला हवं आहे.

शेजारच्या वाइसवर काम केलेल्या दोघा-तिघांची नावं घ्या आणि त्यांची प्रतिज्ञापत्रं लगेच करून ठेवा. अ‍ॅस्बेस्टॉसचा कॅन्सर वीस, तीस, चाळीस वर्षांनी डोकं वर काढतो. तोवर साक्षीदारही म्हातारे झालेले असतात.

आता कागद. सर्व्हिस रेकॉर्ड, बदल्यांचे आदेश, पीएमईचे म्हणजे ठरावीक काळानं होणाऱ्या वैद्यकीय तपासणीचे निकाल, सिक-फिट सर्टिफिकेटं, सुरक्षा साहित्य वाटपाचं रजिस्टर. घरी नसेल ते माहितीच्या अधिकारात मागा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, नाही आलं तर पहिलं अपील. नागपुरात मध्य रेल्वे आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वे अशी दोन वेगळी मंडळं आहेत आणि दोघांची डीआरएम म्हणजे मंडळ व्यवस्थापकांची कार्यालयंही वेगळी आहेत. मोतीबाग दक्षिण पूर्व मध्यकडे, अजनी शेड मध्यकडे. अर्ज चुकीच्या दारात पडला की महिना जातो. सुप्रीम कोर्टानं १९९५ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉसच्या प्रकरणात सांगितलं होतं की कामगाराच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यातलं जे नंतर येईल तोवर, जपायच्या. ‘जुनं रेकॉर्ड नष्ट केलं’ असं उत्तर आलं तर या निकालाचा उल्लेख करून अपील करा.

डॉक्टरांकडे जाताना ती वही सोबत न्या. जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट असो, तुकडोजी महाराजांच्या नावाचं कर्करोग रुग्णालय असो की रेल्वेचं स्वतःचं, केस पेपरवर तंबाखूचा रकाना भरला जातो, कामाचा रिकामा राहतो. हात जोडून सांगा की कामाचा इतिहास केस पेपरवर लिहा. फुप्फुसाचा आजार असेल तर एचआरसीटीच्या म्हणजे छातीच्या बारीक सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये फुप्फुसाच्या आवरणावरचे प्लाक म्हणजे जाड चट्टे आहेत का ते विचारा. ते अ‍ॅस्बेस्टॉस छातीत गेल्याची खूण असतात. बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक आणि स्लाइडी जपून ठेवायला लेखी सांगा.

खर्ऱ्याबद्दल, म्हणजे तंबाखू-सुपारी घोटून खातात त्याबद्दल, स्पष्ट बोलते, कारण आपल्याकडे समोरचा वकील पहिलं बोट तिथंच ठेवतो. तोंडाचा कॅन्सर आणि खर्ऱ्याची सवय असेल तर कामगार भरपाईच्या कायद्यात पैशाची आशा धरू नका आणि त्यासाठी कर्ज काढून वकील करू नका. फुप्फुसाच्या कॅन्सरचं तसं नाही. विडी ओढणाऱ्याच्या छातीत अ‍ॅस्बेस्टॉस गेला तर धोका दोन्हींच्या बेरजेपेक्षाही वाढतो, म्हणून विडीमुळे अ‍ॅस्बेस्टॉसचा वाटा पुसला जात नाही. फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर, म्हणजे मेसोथेलिओमा, तर तंबाखूनं होतच नाही. तो निदानात आला असेल तर दावा लावायचाच. सवय मात्र लपवू नका. ती कुठल्या तरी केस पेपरवर असतेच, आणि एक गोष्ट खोटी निघाली की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

कायदा असा आहे. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत धंद्यामुळे होणाऱ्या रोगांची यादी आहे. अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कॅन्सर आणि मेसोथेलिओमा, डांबर-पिच-खनिज तेलामुळे होणारा कातडीचा कॅन्सर, बेन्झिनमुळे होणारे रोग, मूत्राशयाच्या अस्तराची गाठ हे सगळे तिच्या ‘ब’ भागात आहेत. या भागातला रोग असेल, त्या धोक्याचं काम असेल आणि एकाच मालकाकडे सलग ६ महिने नोकरी झाली असेल, तर रोग कामामुळेच झाला असं धरून चालतात. तसं नाही हे सिद्ध करणं रेल्वेवर येतं. नोकरी सुटल्यावर रोग निघाला तर संबंध आपल्याला दाखवावा लागतो, म्हणून त्या वहीसाठी माझा एवढा जीव तुटतो. कार्यालयात कायम नेमणूक असलेले बाबू या कायद्याच्या व्याख्येत बसत नाहीत.

डिझेलच्या धुराचं दुःख वेगळं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१२ मध्ये तो माणसाला कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात टाकला, वेल्डिंगचा धूर २०१७ मध्ये. दोन्ही आपल्या यादीत नावानिशी नाहीत, आणि यादीबाहेरच्या रोगाला कायदा एखाद्या ठरावीक अपघाताशी थेट संबंध मागतो. आयुष्यभर थोडा थोडा गिळलेला धूर त्यात बसवणं फार अवघड. यादी वाढवण्याचा अधिकार सरकारला आहे. युनियनच्या बैठकीत हा विषय रेटून मांडा, असं मी प्रत्येकाला सांगते. तुमच्या माणसानं डिझेलसोबत अ‍ॅस्बेस्टॉसचंही काम केलं असेल तर दावा अ‍ॅस्बेस्टॉसवर उभा करा.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून हा जुना कायदा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावला आहे. रोगांची यादी तिथंही तिसऱ्या अनुसूचीतच आहे. आपली तारीख कोणत्या बाजूला पडते, हा वकिलाला विचारायचा पहिला प्रश्न. तारीख म्हणजे आजारामुळे सलग गैरहजेरी सुरू झाली तो पहिला दिवस, किंवा मृत्यूचा दिवस. निवृत्तीनंतर दोन वर्षांच्या आत लक्षणं दिसली तर ती पहिल्यांदा आढळली तो दिवस. जुन्या कायद्यात तिथून २ वर्षांत दावा लावायचा असतो. उशीर झाला तरी कारण पटलं तर माफ होतो. रेल्वेला लेखी नोटीस मात्र निदान झाल्याबरोबर द्या, स्पीड पोस्टानं, आणि पोचपावती वहीला टाचून ठेवा.

रकमेचा अंदाज घ्या. जुन्या कायद्यात पगार कितीही जास्त असो, ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेनुसार महिना १५,००० रुपयेच धरतात. मृत्यूसाठी त्याच्या अर्ध्या रकमेला कायद्याच्या तक्त्यातल्या वयाच्या गुणकानं गुणतात. ५५ व्या वर्षी गुणक १३५.५६, म्हणजे १०,१६,७०० रुपये. कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ६० टक्के धरतात, म्हणजे १२,२०,०४०. उपचाराचा खर्च वेगळा. महिन्याच्या आत दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, शिवाय ५० टक्क्यांपर्यंत दंड. इंटरनेटवर रेल्वे कामगारांच्या कॅन्सरसाठी कोट्यवधींचे आकडे दिसतात ते अमेरिकेच्या १९०८ च्या कायद्याचे. तिथं कंपनीची चूक दाखवून कोर्टात दावा चालतो. त्यांच्या वकिलांच्या जाहिरातींवर फोन करून पैसे घालवू नका.

जुन्या कायद्यातला दावा नागपूरच्या कामगार न्यायालयात लागतो. नोकरी भुसावळला झाली आणि तुम्ही आता मानेवाड्यात राहता, तरी राहत्या जागी लावता येतो. तिथला निकाल पटला नाही तर हायकोर्टाचं नागपूर खंडपीठ आहे.

माणूस अजून नोकरीत असेल तर घाबरून राजीनामा किंवा व्हीआरएस म्हणजे स्वेच्छानिवृत्ती लिहून देऊ नका. मेडिकल डीकॅटेगराइज झाला, म्हणजे तब्येतीमुळे त्या कामाला अपात्र ठरवला, तर पर्यायी काम मागण्याचा हक्क आहे. ‘भरपाई मागणार नाही’ असा कागद कोणी सही करायला दिला तर करू नका. चुकून केली असेल तरी कायदा असा करार रद्दच मानतो, तेव्हा त्यापायी दावा सोडू नका.

ठेकेदाराच्या पोरांना वाटतं आपल्याला काहीच नाही. असं नाही रे बाबांनो. काम रेल्वेचं असेल तर मुख्य मालक म्हणून रेल्वेकडूनच भरपाई मागता येते, रेल्वे ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करते. पण ईएसआयचे म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचे पैसे कापले जात असतील तर हा दावा चालत नाही, मग ईएसआयकडेच धंद्याचा रोग म्हणून अपंगत्वाचा लाभ मागायचा. म्हणून गेट पास, हजेरीचे फोटो, बँकेत आलेला पगार आणि ईएसआयचा नंबर आजच एका जागी ठेवा. ठेका दर दोन-तीन वर्षांनी बदलतो, आणि जुन्या ठेकेदाराचा पत्ता नंतर सापडत नाही.