वाड्याच्या भिंतीवरचं सिमेंट काढून चुन्याचा गिलावा कसा करावा

पेशवाई १८१८ साली संपली. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट इंग्लंडात १८२४ साली निघालं. तेव्हा पेशवेकालीन वाड्यात सिमेंट दिसलं, तर ते नंतरच्या डागडुजीचं. दगडी जोतं, वर विटा किंवा पांढरी माती आणि मध्ये सागवानी खांब-तुळया अशी ही भिंत जमिनीतली ओल ओढते आणि गिलाव्यातून बाहेर टाकते. सिमेंट ती वाट बुजवतं. मग ओल आणखी वर चढते, क्षार गिलाव्यामागे साठतात आणि विटेचा दर्शनी भाग भुगा होऊन सुटतो. तीन फुटांवर लोणा (ओलीबरोबर येणारा क्षारांचा पांढरा थर) लागला म्हणून सिमेंट मारलं की काही पावसाळ्यांनी तो पाच फुटांवर दिसतो.

गिलाव्याला मात्र सगळ्यात शेवटी हात लावायचा. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. फुटकी कौलं, गळकी पन्हाळ, भिंतीलगत वाहणारी मोरी हे नेहमीचे संशयित. शहरातल्या पेठांत आणखी एक भानगड असते: डांबराचे थर चढून रस्ता इतका वर येतो की निम्मं जोतं गाडलं जातं. रस्ता आपल्या हातात नसतो, पण आपल्या हद्दीत भिंतीलगतची माती उकरून जोतं उघडं करता येतं आणि उतार बाहेरच्या बाजूला देता येतो. भिंतीला टेकून घातलेली सिमेंटची फरसबंदी किमान फूटभर तोडा आणि तिथे खडी भरा. भेगेत पिंपळ उगवला असेल तर उपटू नका, मुळांबरोबर दगड निघतात. खोड कापून बुंधा मारा आणि मुळं वाळल्यावर दर्जा (दगड-विटांमधले सांधे) भरा. वर माळवद (मातीचं सपाट छत) असेल तर जुन्या मातीवर नवी माती टाकू नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात अशी जड माळवदं कच्च्या दगडी भिंतींसकट माणसांवर कोसळली.

वाडा वारसा यादीत असेल तर हेरिटेज समितीची परवानगी लागते. संरक्षित राष्ट्रीय स्मारकापासून १०० मीटरच्या आत किंवा त्यापुढच्या २०० मीटरच्या पट्ट्यात असेल तर दुरुस्तीलाही पुरातत्त्व खात्याचं ना-हरकत पत्र घ्यावं लागतं. कामाआधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढून ठेवा.

सिमेंट काढताना ब्रेकर मशीन वापरू नका, हादऱ्याने मातीची भिंत आतून सुटते. छिन्नी आणि हलका हातोडा घ्या. आधी भिंत ठोकून पाहा. पोकळ वाजेल तिथून सुरुवात करा आणि छिन्नी तिरकी धरा. सिमेंटबरोबर विटेचा चेहराच निघून येत असेल तर तेवढा तुकडा राहू द्या, जबरदस्तीत नुकसान जास्त. दर्जा २० ते २५ मिलिमीटर खोल खरवडा. तुळयांची भिंतीतली टोकं टोच्याने तपासा: टोच्या सहज आत गेला तर लाकूड कुजलंय, आणि ते काम सुताराकडून आधी उरकावं लागेल. टोकांभोवती बोटभर हवेची जागा ठेवा. टोक सिमेंटमध्ये गच्च बसवलं की ते हमखास कुजतं.

लोणा कोरड्या ब्रशने झाडा, खाली कापड पसरून गोळा करा आणि आवाराबाहेर टाका. पाण्याने धुतला तर विरघळून परत भिंतीत जातो. मग भिंत वाळू द्या. दर इंचाला महिना हा ढोबळ हिशेब. म्हणून मार्चमध्ये सिमेंट काढायचं, पावसाळ्यात भिंतीवर पाणी येऊ द्यायचं नाही आणि गिलावा दिवाळीनंतर धरायचा. एप्रिल-मेच्या उन्हात चुना मुरण्याआधीच वाळतो आणि त्याची फक्की पडते.

आता चुना. कळीचा चुना (भट्टीतून निघालेला, पाणी न लागलेला) लोखंडी पिंपात किंवा विटांच्या हौदात भिजवा. प्लास्टिकचं पिंप उष्णतेने वितळतं. आधी पाणी, मग त्यात थोडा थोडा चुना, उलट कधीच नाही. मिश्रण उकळून उडतं, म्हणून चष्मा आणि रबरी हातमोजे हवेतच. किलोला साधारण तीन लिटर पाणी धरा. ३ मिलिमीटरच्या जाळीतून गाळून चार इंच पाण्याखाली किमान महिनाभर, जमल्यास तीन महिने मुरू द्या. न विरलेले खडे राहिले तर ते गिलाव्यात नंतर फुगतात आणि फोड येऊन टवके उडतात. दुकानातली ‘वॉल पुट्टी’ म्हणजे हा चुना नव्हे, ती बहुधा पांढऱ्या सिमेंटची असते.

प्रमाण घमेल्यांनी मोजा: मुरलेला चुना १, धुतलेली चाळलेली वाळू २, सुरखी (विटांची पूड) १. सुरखी कमी भाजलेल्या विटांची हवी. जळक्या विटेची चुन्याशी नीट धरत नाही. हे सगळं चुन्याच्या घाणीत, म्हणजे दगडी चाकाखाली, मळा. घाणी नसेल तर मॉर्टर मिल चालते, फावड्याने मळलेला माल चालत नाही. गूळ, हिरडा, बेलफळ घालायची पद्धत आहे, पण गूळ जास्त झाला तर माल घट्ट व्हायला वेळ लागतो आणि मुंग्या येतात. हातभर तुकड्यावर लावून पाहिल्याशिवाय घालू नका. गवंडी म्हणेल, ‘मूठभर सिमेंट टाकू, लवकर पकडेल.’ टाकू देऊ नका. लवकर पकडतं खरं, पण चुना कच्चा राहतो आणि केलेला सगळा खटाटोप वाया जातो.

भिंत आदल्या दिवशी आणि लावण्याआधी भिजवा. पहिला थर १० ते १२ मिलिमीटर, थापीने जोरात मारून. त्यावर तिरक्या रेघा ओढा. नखाने दाबल्यावर खळगा पडेनासा झाला की दुसरा ८ मिलिमीटरचा. शेवटी चाळलेल्या चुन्याचा आणि संगमरवरी पुडीचा ३ मिलिमीटर. जाड थर एकदम चढवला तर तडे जातातच. दोन आठवडे ओली गोणपाटं लटकवून ठेवा आणि दिवसातून तीनदा पाणी शिंपडा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कठीण होतो, आणि त्यासाठी ओलावा लागतो. बारीक तडे पडले तर ओल्या लाकडी रंध्याने दाबून घासा. माल ओला असेतो ते मिटतात.

महिन्याभराने दुधाइतकी पातळ सफेदी, चार-पाच हात, दोन हातांमध्ये एक दिवस सोडून. प्लास्टिक पेंट लावला तर सिमेंट काढल्याचा काहीच उपयोग नाही. पहिल्या पावसाळ्यानंतर जोत्यालगतच्या दोन फुटांत थोडा लोणा उमटेल. विटेतले उरलेले क्षार गिलाव्यात येतात, म्हणजे काम बरोबर झालंय. ब्रशने झाडत राहा. पट्टा फारच पोखरला तर तेवढाच काढून त्याच प्रमाणात पुन्हा लावा.