पीएच.डी.नंतर संशोधनाची जागा शोधताना
प्रबंध सादर करण्याच्या सुमारे वर्षभर आधीच शोध सुरू करावा. पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा व आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था), तसेच मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्था यांच्या संकेतस्थळांवरील जाहिराती नियमित पाहाव्यात. परंतु अनेक जागा एखाद्या प्रकल्पाच्या अनुदानावर अवलंबून असल्याने, ज्यांचे शोधनिबंध आपण खरोखर वाचले आहेत अशा प्राध्यापकांना, त्यांच्या कोणत्या प्रश्नावर आपण काय करू इच्छितो हे अर्ध्या पानात लिहून पाठवणे माझ्या मते अधिक फलदायी ठरते. एकच मजकूर पन्नास जणांना मुळीच पाठवू नये. राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल फेलोशिपसाठीही (पीएच.डी.नंतरच्या संशोधनासाठीची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती) ज्यांच्याकडे काम करायचे त्या मार्गदर्शकाची संमती आधी मिळवावी लागते, आणि तिची वयोमर्यादा सर्वसाधारणपणे ३५ वर्षे असल्याने वेळेचा हिशेब आधीच मांडावा. शिफारसपत्र देणाऱ्यांना किमान तीन आठवडे अगोदर कळवावे.