भिंतीला पाठ टेकली की: वाइड झूम घेण्याआधीची तयारी

श्रावणातली कानबाई, आमच्या खानदेशातला देवीचा सण. मावशीचं माजघर दहा बाय बाराचं, चौरंगावर लुगडं नेसवलेली कानबाई, समोर गाणी म्हणणाऱ्या पंधरा-वीस बाया आणि मी दाराच्या चौकटीला पाठ घासत उभा. कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ मिमीची किट लेन्स १८ वर, म्हणजे तिच्या सगळ्यात रुंद टोकाला नेली तरी फोटोत एक तर देवी येई, नाहीतर बाया. त्याच रात्री वाइड झूम (१८ पेक्षा लहान आकड्याची, जास्त रुंद दिसणारी लेन्स) घ्यायचं ठरलं. आठ दिवसांत घेतलीही, आणि चुकीची घेतली. तेव्हा जे आधी करायला हवं होतं ते इथे लिहितो.

पैसे मोजण्याआधी गेल्या वर्षाचे फोटो कॉम्प्युटरवर उघडा आणि १८ वर काढलेले तेवढे बाजूला काढा. प्रत्येक फोटोपुढे स्वतःला विचारा, तेव्हा मागे सरकायला जागा होती का? मोकळ्या जागेतले फोटो असतील तर थांबा. अजिंठ्याच्या व्ह्यू पॉइंटवरून वाघूरचं ते घोड्याच्या नालासारखं वळण एका फोटोत मावत नाही, पण कॅमेरा उभा धरून, दर फोटोत आधीच्याचा एक तृतीयांश भाग ठेवत पाच-सहा फोटो काढले आणि घरी जोडले की झालं. त्याला नवी लेन्स लागत नाही. (अजिंठा जिल्ह्याच्या हिशोबाने आमचा नाही हे ठाऊक आहे. पण गाडी जळगावलाच उतरवते, त्यामुळे आम्ही तो आमचाच धरतो.) जोडकाम चालत नाही ते माणसं हलत असतात तिथे आणि पाठीशी भिंत असते तिथे. असे फोटो दहा-बाराच निघाले तर मोबाईलवर भागवा. मोबाईलमधला ०.५ वाला कॅमेरा रंगीत तालीम म्हणून फार कामाचा आहे. पंधरा दिवस मुद्दाम त्यावरच फोटो काढा. कंटाळा आला तर हजारो रुपये वाचले.

मग आपली बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, नीट ओळखा. एपीएस-सी या लहान सेन्सरवर १० मिमी म्हणजे फुल फ्रेमचे (फिल्मच्या आकाराच्या मोठ्या सेन्सरचे) कॅननवर १६, निकॉन-सोनी-फुजीवर १५. किटच्या १८ ला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत साधारण ७५ अंश दिसतात, १० ला १०७ च्या आसपास. कागदावर फरक आठच मिलिमीटरचा, पण माजघरात तो दोन भिंतींचा होतो.

मी फसलो तो इथे. माझी बॉडी निकॉन डी ५३००. डी ३००० आणि डी ५००० मालिकेतल्या बॉड्यांमध्ये फोकसची मोटर नसते, ती लेन्समध्ये असावी लागते. मी घेतलेल्या सेकंडहँड लेन्समध्ये ती नव्हती. दुकानदार म्हणाला, "बसते ना भाऊ." बसली. फोकस मात्र हाताने फिरवावा लागे, आणि नाचणाऱ्या बायांवर ते जमेना. परत घेताना त्याने भाव पाडला तो वेगळाच. म्हणून "बसते का" असं विचारू नका, "माझ्या बॉडीवर ऑटोफोकस होतो का" असं विचारा आणि तिथेच करून बघा. टोकिनाची ११-१६ एफ २.८ (एफचा आकडा लहान तेवढं लेन्सचं तोंड, म्हणजे अ‍ॅपर्चर, मोठं) निकॉनसाठी आधी मोटरशिवाय आली, दुसऱ्या आवृत्तीत मोटर आली. बाहेरून दोघी बहिणीच. निकॉनची स्वतःची १०-२० ही एएफ-पी, म्हणजे नव्या तऱ्हेच्या मोटरची आहे. डी ९०, डी ७०००, डी ५१००, डी ३२०० अशा जुन्या बॉड्यांवर तिचा फोकस चालतच नाही, हातानेसुद्धा नाही. डी ५३०० ला फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) अपडेट करावं लागतं. कॅननवाल्यांनी लक्षात ठेवायचं ते एवढंच की ईएफ-एस (एपीएस-सीसाठीची) लेन्स फुल फ्रेम डीएसएलआरवर (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यावर) बसत नाही, बिनआरशाच्या, म्हणजे मिररलेस आर मालिकेवर मात्र कंपनीच्या अ‍ॅडॅप्टरने छान चालते.

आता अंधाराकडे, कारण स्वस्त आणि महाग यांच्यातला खरा फरक तिथे कळतो. अंधारात तुम्ही काय टिपणार, थांबलेलं की हलणारं? हे आधी ठरवा, मग किंमत बघा. स्वस्त वाइड झूम बहुतेक एफ ४.५ पासून सुरू होतात, पण त्यांच्यात हात हलला तरी सावरून घेणारं स्टॅबिलायझेशन असतं. अजिंठ्याच्या २६ नंबरच्या लेण्यातला महापरिनिर्वाणाचा बुद्ध सात मीटरच्या आसपास लांब, आणि समोर खांब, म्हणजे मागे सरकायची सोय नाही. फ्लॅशला बंदी आहे, ट्रायपॉडला परवानगी लागते. पण बुद्ध हलत नाही. खांबाला खांदा टेकवून, श्वास धरून पाव सेकंदाचा फोटो अशा लेन्सवर निघतो. कानबाईच्या जागरणात हाच पाव सेकंद बायांचे हात पुसून टाकतो, कारण स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं, त्यांचा नाही. तिथे एफ २.८ लागतं. एफ ४.५ पेक्षा ते अडीच पट उजेड आत घेतं. तोरणमाळला यशवंत तलावाकाठी आकाशगंगा टिपायची असेल तरी हाच हिशोब, कारण १० मिमीवर पंचवीस-तीस सेकंदांपुढे गेलात की तारे रेघा ओढू लागतात. सारंगखेड्याच्या यात्रेतले घोडे, चांगदेवचं देऊळ, तापी-पूर्णेचा संगम ही सगळी दिवसाची कामं. त्यासाठी २.८ चे पैसे घालणं मला तरी उधळपट्टी वाटते.

नावं सांगायची तर, कॅनन डीएसएलआरला २०१४ मध्ये आलेली १०-१८ आयएस एसटीएम. वजन २४० ग्रॅम, माउंट (कॅमेऱ्याला अडकणारी कडी) प्लास्टिकचा, आणि त्याने काही बिघडत नाही. सेकंडहँड बाजारात माझी पहिली पसंती हीच. कॅनन आरला आरएफ-एस १०-१८, अवघी १५० ग्रॅमची. निकॉनच्या मिररलेस झेडला १२-२८, रुंदी जरा कमी पण हलकी. सोनीला जुनी १०-१८ एफ ४. सोनी किंवा फुजीवर २.८ च हवी असेल तर टॅमरॉनची ११-२० किंवा सिग्माची १०-१८. या दोघी स्वस्त म्हणवत नाहीत, पण त्यांच्या वर्गात रास्त आहेत. किट लेन्सच्या पुढे फिरवून लावायचे "वाइड कन्व्हर्टर" मिळतात, ते घेऊ नका. कडा अशा दिसतात की जणू पाण्यातून बघतोय.

बजेट लिहिताना लेन्सखाली दोन ओळी मोकळ्या सोडा. एक हूडसाठी (लेन्सपुढची ऊन अडवणारी झापड), कारण कॅननच्या या लेन्ससोबत हूड मिळत नाही, आणि आमच्या मे महिन्यातल्या उन्हात ते लागतंच. दुसरी फिल्टरसाठी. आरएफ-एसला ४९ मिमीचा, टॅमरॉनला ६७ चा, टोकिनाला ७७ चा, आणि व्यास वाढला की किंमत चढते. पोलरायझर (आकाश गडद करणारा फिल्टर) मात्र नका घेऊ. इतक्या रुंद फोटोत आकाश एका बाजूला गडद आणि दुसरीकडे फिकं पडतं.

जुनी लेन्स बघायला जाताना खिशात टॉर्च असू द्या. दोन्ही झाकणं काढून आरपार उजेड टाका. धुळीचे चार कण असले तर सोडून द्या, कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली तर लेन्सच सोडा. झूम रिंग फिरवताना करकर ऐकू आली तर आत माती आहे, आणि आपल्याकडची काळ्या रानाची धूळ एकदा शिरली की निघत नाही. मग विटांची भिंत शोधा. समोर सरळ उभे राहून १०, १४ आणि १८ वर, पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला आणि एफ ८ ला फोटो काढा. स्क्रीनवर मोठे करून चारही कोपरे बघा. चारही सारखेच मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव. एकच कोपरा मऊ असेल तर आतली काच सरकली आहे, नमस्कार करून निघा. बिलावरचा नंबर लेन्सवरच्या नंबराशी जुळवा. नवी घेत असाल तर वॉरंटी भारतातली आहे का ते बघा, आणि परतीची मुदत संपायच्या आत हीच भिंत गाठा.

लेन्स हाती आली की आठवडाभर घरच्यांवर सराव करा. कडेला उभ्या माणसाचं डोकं भोपळ्यासारखं ताणलं जातं, म्हणून लग्नाच्या ग्रुप फोटोत जाड माणूस कधी कडेला उभा करू नये (माझ्या थोरल्या मामांनी अजून माफ केलेलं नाही). देवळासमोर कॅमेरा वर उचलला की शिखर मागे पडल्यासारखं दिसतं. तो सपाट धरा आणि खालची जास्तीची जमीन नंतर कापा. जवळ काहीतरी ठेवल्याशिवाय वाइड फोटो रिकामा वाटतो. केळीच्या बागेत दोन ओळींमधे बसून घड हातभर अंतरावर घ्या, मागे ओळ आपोआप पळत जाते. मावशीला तिच्याच माजघराचा नवा फोटो दाखवला, तेव्हा तिने आधी चष्मा पुसला. म्हणाली, "हाई आपलंच घर शे का?"

अजिंठ्याला न्यायच्या पिशवीत ब्लोअर, मऊ कापड, जादा बॅटरी आणि सहज काढता येतील अशा चपला. चित्रांच्या लेण्यांत पायातलं बाहेर ठेवावं लागतं. आणि सोमवारी निघू नका, लेणी बंद असतात.