पत्रात अदब, निबंधात 'बोडकी'

इंग्रजीत एमए झालेल्या, मराठी कादंबरीतल्या विधवेवर इंग्रजीतून शोधनिबंध लिहू पाहणाऱ्या मुली माझ्याकडे येतात. पहिल्या भेटीत मी इंग्रजी बाजूला ठेवायला लावते. वही काढा आणि कादंबरीत बाईच्या शरीरासाठी आलेले शब्द जसेच्या तसे उतरवा. शेजारी लिहा, हा शब्द कोणाच्या तोंडचा.

हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' घ्या. 1890 मध्ये त्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केलं आणि त्यातूनच ती क्रमशः आली. तिची नायिका, विधवा झालेली यमू, आपली कहाणी स्वतः सांगते. म्हणून तिच्या तोंडचा शब्द कुठला आणि तिच्यावर लादलेला कुठला, हे वेगळं करावंच लागतं. विधवेचे केस काढण्याला आपल्याकडे शब्द तरी किती! केशवपन हा पोथीतला, ऐकायला स्वच्छ. सोवळी करणं म्हटलं की वर पावित्र्याचं पांघरूण. डोकं भादरणं यात वस्तरा दिसतो. आणि बोडकी ही तर शिवी, घरातल्याच माणसांनी तोंडावर फेकलेली.

या सगळ्यांसाठी इंग्रजीत सरसकट 'टॉन्शर' लिहू नका. त्या शब्दाने इंग्रजी वाचकापुढे ख्रिस्ती मठात व्रत घेतलेला साधू उभा राहतो. यमूवर जबरदस्ती झाली होती. मी 'फोर्स्ड हेड-शेव्हिंग' लिहायला सांगते, आणि 'बोडकी' हा शब्द तसाच ठेवून त्यातला अपमान तळटीपेत उलगडायला.

दुसरी खोड कर्मणी प्रयोगाची. शोधनिबंधाची भाषा तटस्थ हवी म्हणून मुली 'हर हेड वॉज शेव्ह्ड' लिहितात आणि करणारे सगळे सुटतात. हुकूम कोणाचा? वस्तरा कोणाच्या हातात? गप्प कोण बसलं? वाक्यात कर्ता आणा. त्याच 1890 मध्ये कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांनी विधवांची डोकी भादरायला नकार दिला होता. म्हणजे वस्तरा खाली ठेवता येत होता. हे माहीत असलं की ते कर्मणी वाक्य लिहायला हात धजत नाही.

लेखिकेचं नावही नीट पाहा. 1933 मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' आलं ते विभावरी शिरूरकर या टोपणनावाने. लेखिका होत्या मालतीबाई बेडेकर. संदर्भसूचीत पुस्तकावर छापलेलं नाव द्या, खरं नाव मजकुरात सांगा. अविवाहित, शिकलेल्या बाईच्या मनातलं लिहिताना टोपणनाव का घ्यावं लागलं, हा तुमच्या विषयाचाच भाग आहे.

आता निबंध ज्या नियतकालिकाला पाठवायचा त्याच्या संपादकांना पत्र. अदब इथे दाखवायची. विषयाच्या ओळीत निबंधाचं शीर्षक, मग 'डिअर डॉक्टर' आणि आडनाव, खाली तीन-चार वाक्यं, पुरे. मी पहिल्या पत्रात 'रिस्पेक्टेड सर' लिहिलं होतं आणि संपादक बाई होत्या. बाईच्या शरीरावर निबंध पाठवताना समोर पुरुषच असणार असं मी धरून चालले, हे मला अजून लागतं. नाव आधी शोधा. नाहीच सापडलं तर 'डिअर एडिटर'. 'काइंडली डू द नीडफुल' काढून टाका आणि नेमकं काय हवं ते लिहा. परीक्षकांकडे निनावी जाणाऱ्या फाइलमधून स्वतःचं नाव पुसा. फाइलच्या माहितीतही ते लपलेलं असतं.

परीक्षक कधी सुचवतात की 'बोडकी' काढा, सौम्य शब्द घाला. चिडून उत्तर लिहू नका, आणि मान्यही करू नका. आधी आभार. मग त्यांच्या ज्या सूचना पटल्या त्या कुठल्या पानावर घेतल्या ते सांगा. त्यानंतर एका वाक्यात: 'आय वुड प्रिफर टू रिटेन द मराठी वर्ड', आणि पुढे कारण. कारण वहीत असतंच, पान क्रमांकासकट.