बडोदा ते न्यू जर्सी, दोन पोरांसकट: काय काय तयार ठेवायचं

तिकिटावर लिहिलेले तास सोडा, घर ते घर किती तास लागतात ते आधी मोजा. बडोद्यात रावपुऱ्यातून निघायचं, एक्सप्रेसवेने अहमदाबाद, एक्सप्रेसवे 93 किलोमीटरचा आहे खरा पण पुढे सीटीएमपासून, म्हणजे अहमदाबादेत एक्सप्रेसवे संपतो तिथून, एअरपोर्टपर्यंत अख्खं शहर पार करायचं ते वेगळंच, मग तीन तास आधी पोचायचं, मग दुबईपर्यंत तीन-साडेतीन तास, तिथे थांबा, तिथून न्यूयॉर्क चौदाच्या आसपास, आणि शेवटी भावाच्या गाडीतून न्यू जर्सी. बेरीज 28-30 तासांवर जाते. डायपर, दूध, खाऊ, कपडे सगळं याच आकड्यावर ठरवायचं. तीन तासाला एक डायपर धरलं तरी दहा झाले, वर चार-पाच जास्तीचे, आणि हे सगळं केबिन बॅगेत, चेक-इनमध्ये गेलेलं डायपर वाटेत काहीच कामाचं नाही.

कागद. मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, आपल्यासारखा दहाचा नाही, त्यामुळे बाळ असताना काढलेला "अजून नवीनच आहे" असं वाटत असतानाच संपत आलेला असतो, आजच उघडून तारीख बघा. धाकटं दोन वर्षांच्या आतलं असेल तर मांडीवर चालतं, पण परतीच्या आधी त्याला दोन पूर्ण होत असतील तर परतीला त्याची वेगळी सीट लागते, बुक करतानाच विचारून घ्या. आणि आपल्याकडे नेहमी होतं तसं, आई पोरांना घेऊन पुढे आणि बाबा सुट्टी मिळाली की मागून, तर बाबांचं इंग्रजीतलं संमतीपत्र नोटरी करून सोबत ठेवा. अमेरिकेत उतरल्यावर विचारतीलच असं नाही, पण विचारलं तर तिथे उभं राहून कोणाला फोन लावणार?

बॅसिनेट, म्हणजे विमानात समोरच्या भिंतीला लावायचा बाळाचा छोटा पाळणा, त्याबद्दल थोडं जास्त सांगते कारण सगळे त्याच्या मागे लागतात. ते भिंतीसमोरच्या रांगेतच लागतं, मोजकीच असतात, एअरलाइनला आधी फोन करून मागावं लागतं आणि वजनाची मर्यादा प्रत्येकाची वेगळी. सहा-सात महिन्यांचं बाळ असेल तर सोनं. पण दीड वर्षाचं धष्टपुष्ट पोर असेल तर नको, खरंच नको. त्या रांगेत हाताचे दांडे वर होत नाहीत म्हणजे मोठ्याला तुमच्या मांडीवर आडवं करता येत नाही, टेकऑफला पायाशी बॅगही ठेवू देत नाहीत, आणि हवेत विमान हादरायला लागलं की झोपलेल्या बाळाला बाहेर काढायला सांगतात. त्यापेक्षा साध्या रांगेत सलग सीटा घ्या.

खाऊ. थेपले, खाखरे, सुखडी, हे तर आपल्याकडे कोणी सांगायला लागतच नाही, आजीच आठवडाभर आधी कढई चढवते. पण आजीला दोन गोष्टी आधीच सांगा. एक, डिंकाच्या लाडवात खसखस घालू नका, दुबईत खसखशीवर बंदी आहे, आणि "चिमूटभर तर घातली" हे तिथल्या माणसाला समजावत बसायची कोणाला हौस आहे. दुसरं, सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत, खोबऱ्यात तेल असतं, पेट घेऊ शकतं म्हणून. हिरवा कढीपत्ता, ताजी फळं, हापूस तर अजिबातच, अमेरिकेत काढून घेतात. बाकी खाण्याचं काहीही असेल तर विचारल्यावर सरळ "हो" म्हणा, लपवलं की दंड.

नाचणी सत्त्वाचा अख्खा डबा हातात घेऊ नका, अमेरिकेच्या फ्लाइटला 350 मिलिलिटरपेक्षा जास्त पावडर हँडबॅगेत दिसली की वेगळी तपासणी लागते. एका वेळचं एक अशा छोट्या झिपच्या पिशव्या भरा, प्रत्येकीवर पेनाने "पाणी किती" लिहा, म्हणजे पेंगत असलेल्या बाबालाही जमेल. बाकी लिक्विड 100 मिलिलिटरच्या बाटल्यांत, पण प्रवासात लागेल तेवढं बाळाचं दूध जास्त असलं तरी नेऊ देतात, फक्त बॅगेतून बाहेर काढून दाखवा. पॉवर बँक केबिनमध्येच.

औषधं तुमच्या डॉक्टरांकडून मुलाच्या आजच्या वजनावर डोस लिहून घेऊन, ओआरएसची छोटी पाकिटं, थर्मामीटर. झोप यावी म्हणून सर्दीचं औषध पाजायचा सल्ला कोणीतरी मावशी देईलच, डॉक्टरांना न विचारता देऊ नका, काही मुलं त्याने उलट जास्त नाचतात. उतरताना कान दुखतात ते गिळण्याने मोकळे होतात, म्हणून लँडिंगच्या अर्धा तास आधी, विमान खाली यायला लागलं की, झोपलेल्यालाही उठवून बाटली किंवा अंगावर पाजा, मोठ्याला चोखायला काहीतरी. केबिनची हवा खूप कोरडी असते, मधेमधे पाणी पाजत राहा.

कपडे पोरांचे दोन-दोन जोड आणि आईचा एक कुर्ता, हा कुर्ता सगळ्या यादींत राहतो आणि उलटी मात्र आईवरच होते. खेळणी थोडीच, स्टिकर आणि टेपचं एक बंडल बास, आवाज करणारं काही नको. प्रॅम छत्रीसारखी घडी होणारी घ्या, विमानाच्या दारापर्यंत नेता येते, पण दुबईला दारातच परत मिळेल की थेट न्यूयॉर्कला ते टॅग लावतानाच विचारा, तिथली चालायची लांबी बघता हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

पोचल्यावरची तयारी भावाकडून करून घ्यायची. कार सीट दोन्ही मुलांसाठी आधीच बसवून ठेवायला सांगा, न्यू जर्सीत कायदाच आहे, "मांडीवर घेते ना" चालत नाही. उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे, थंडीत साडेदहा, म्हणजे पहिले काही दिवस पोरं रात्री दोन-तीनला टक्क जागी आणि भुकेली, तर फ्रिजमध्ये दूध, केळी, दही, आणि मऊ भाताचा कुकर लावायला तांदूळ-मूगडाळ कुठे ठेवलीय ते वहिनीला झोपायच्या आधीच विचारून ठेवा.