निवृत्तीनंतरचे पहिले पुस्तक : या चुका टाळा

जिल्हा परिषदेच्या शाळेत 33 वर्षे शिकवून निवृत्त झाल्यावर पहिल्याच दिवाळीला मी लिहायला बसलो आणि पुढच्या दिवाळीच्या आत माझे पुस्तक छापूनही झाले. ही घाई मला फार महागात पडली. त्यानंतरच्या काळात यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या भागातले तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक, परिचारिका अशा निवृत्त मंडळींची हस्तलिखिते माझ्याकडे वाचायला येत गेली आणि मी जिथे चुकलो होतो, जवळजवळ त्याच जागी तीही अडखळलेली दिसली.

कार्यालयाची भाषा

नोकरीत हाताला जे वळण लागते, ते निवृत्तीच्या दिवशी सुटत नाही. एका निवृत्त तलाठ्यांच्या आत्मकथनातले अतिवृष्टीचे प्रकरण असे सुरू होत होते : ‘सदर गावी समक्ष पाहणी केली असता कपाशीचे उभे पीक बाधित झाल्याचे निदर्शनास आले.’ मी वही मिटली आणि म्हणालो, “भाऊ, हे राहू द्या. त्या दिवशी काय झालं, थे सांगा.” मग ते सांगू लागले. बांधापर्यंत जायला वाट उरली नव्हती, म्हणून चपला हातात घेऊन ते चिखलातून गेले. शेतकऱ्याची बायको सडलेली बोंडे वेचून पोत्यावर पसरत होती, जणू ती वाळली की विकली जाणार होती. अंगठा लावण्यापूर्वी त्या माणसाने हात धुतले, पण पुसायला घरात कोरडे फडके सापडेना, त्यामुळे पंचनाम्याच्या कागदावर शाईचा ओघळ उतरला. प्रकरण हेच होते. वहीत मात्र यातले एक अक्षरही नव्हते.

यावर मला सापडलेला उपाय सोपा आहे. प्रसंग आधी कुणाला तरी तोंडी सांगावा, मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावा आणि तो ऐकत ऐकत लिहावा. बोटांना टंकलेखन झेपत नसेल, तर मोबाइलच्या कळफलकावरील माइकचे चिन्ह दाबून मराठीत बोलले की अक्षरे उमटत जातात. विरामचिन्हे आणि परिच्छेद मात्र नंतर आपणच नीट करून घ्यावेत. शिक्षकांची अडचण थोडी वेगळी असते, कारण गोष्ट संपल्यावर तात्पर्य सांगितल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. तो शेवटचा परिच्छेद खोडून पाहावा. दहापैकी नऊ वेळा गोष्ट त्यामुळे सुधारते.

जन्मापासून निवृत्तीपर्यंत सगळे क्रमाने लिहिण्याचा आग्रहही सोडावा. जिथे आपल्याला सर्वांत जास्त ठाऊक आहे, तिथून सुरुवात करावी.

बोलीची लाज आणि बोलीचा अतिरेक

आईच्या तोंडचे ‘मले’ खोडून ‘मला’ करणारे लेखक मी पाहिले आहेत आणि प्रत्येक वेळी मला वाईट वाटले आहे, कारण तेवढ्या एका बदलाने आई परकी होते. उलट, सबंध निवेदन बोलीत लिहायला घेऊन तिसऱ्या पानावर प्रमाण मराठीत घसरणारेही पुष्कळ आहेत. पहिल्या पुस्तकाला निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद बोलीत ही वाट सुरक्षित आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या भागातले पात्र असेल, तर त्याच्या तोंडी झाडीबोली यावी, वऱ्हाडी नव्हे. शुद्धलेखनाचे 18 नियम आहेत, त्यांपैकी 14 नियम 1962 साली आणि उरलेले 4 नियम 1972 साली आले. ते निवेदनाला लावावेत. संवादांतील बोली तशीच ठेवायची आहे, हे मुद्रितशोधकाला लेखी कळवावे, नाहीतर तो ‘मले’चे ‘मला’ करून ठेवतो.

थेट पुस्तक

एकही लेख कुठे न छापता पुस्तक काढणे, ही माझी चूक होती. विदर्भ साहित्य संघ 1923 पासून काम करतो आहे. त्याच्या जवळच्या शाखेत जाऊन आपले लेखन वाचून दाखवावे. दिवाळी अंकासाठी लेख पाठवायचा असेल, तर तो पावसाळ्याआधीच तयार ठेवावा. हयात माणसांची खरी नावे लिहिताना त्यांची संमती घ्यावी. जुन्या वरिष्ठांवरचा राग पुस्तकात काढला, तर अब्रुनुकसानीचा दावा दाराशी येऊ शकतो.

निवृत्तीचा पैसा

एका प्रकाशकाने सगळा खर्च माझ्याकडून घेऊन 1000 प्रती छापल्या आणि त्या माझ्याच घरी आणून टाकल्या. खोकी खाटेखाली राहिली आणि दुसऱ्या पावसाळ्यात त्यांना वाळवी लागली. आता कुणी विचारले, तर मी 200 प्रतींच्या पुढे जाऊ देत नाही. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, यासाठी त्या प्रकाशकाने वेगळे पैसे घेतले होते. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीकडून तो विनामूल्य मिळतो, हे मला नंतर कळले. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठी असते, म्हणून स्वखर्चाने छापण्याआधी तिची जाहिरात आणि नियम पाहून घ्यावेत.

करारावर सही करण्यापूर्वी मुदत वाचावी. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार मुदत लिहिलेली नसेल, तर हक्कांचे हस्तांतरण 5 वर्षांचे धरले जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल, तर ते भारतापुरते असते. ‘सर्व हक्क कायमचे’ असे लिहिलेले असेल, तर सही करू नये, कारण लेखकाच्या मृत्यूनंतरही 60 वर्षे हे हक्क त्याच्या वारसांचे असतात.

शेवटचे प्रुफ

गावाकडे अजूनही जुन्या फॉन्टमध्ये मजकूर जुळवला जातो आणि तो युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांवर आणि मोबाइलवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, बदलताना रफार, जोडाक्षरे आणि वेलांट्या निसटतात. त्यामुळे मजकूर पहिल्यापासून युनिकोडमध्येच टंकित करून घ्यावा आणि शेवटचे प्रुफ पडद्यावर न पाहता कागदावर मोठ्या अक्षरांत काढून, मुखपृष्ठ आणि अर्पणपत्रिकेसह, दुसऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्यावे. मी अर्पणपत्रिका वाचलीच नाही, कारण ती दोनच ओळींची होती. माझ्या आईचे नाव पार्वती. रफार गळून 1000 प्रतींत ते ‘पावती’ असे छापले गेले आणि जेवढ्या प्रती वाळवीतून वाचल्या, तेवढ्यांवर मी शाईच्या पेनाने एकेक रफार काढत बसलो.